आगगाडीच्या वाटेने एब्रोपर्यंत : वाल दे साफान सायकल सहलीचे माहितीपत्रक

स्पेनच्या ईशान्य भागात, आरागॉन आणि कातालोनिया या दोन प्रदेशांच्या सीमेवर, अल्कान्यिस या गावापासून एब्रो नदीकाठच्या तोर्तोसा शहरापर्यंत एक बंद पडलेला रेल्वेमार्ग आहे. त्याचे रूळ उचलले गेले, परंतु भराव, पूल, बोगदे आणि स्थानके जागेवरच राहिली. आज हा मार्ग सायकलस्वारांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी खुला असून 'वाल दे साफान' या नावाने ओळखला जातो. आमची सायकल सहल याच मार्गावरून जाते. नावनोंदणीपूर्वी आपल्याला मार्गाचे स्वरूप, तेथील ऋतुमान, जेवणखाण आणि नियम यांची नेमकी कल्पना यावी, यासाठी हे पत्रक तयार केले आहे.

रेल्वेमार्गच का?

वापरात नसलेल्या रेल्वेमार्गांचे रूपांतर अशा वाटांमध्ये करण्याचा उपक्रम स्पेनमध्ये 1993 साली सुरू झाला. तेथे या वाटांना 'विया वेर्दे', म्हणजे हरित मार्ग म्हणतात. देशभरातील अशा मार्गांची एकूण लांबी आता 3,000 किलोमीटरच्या पुढे गेली आहे. सायकलस्वाराच्या दृष्टीने त्यांचे खरे महत्त्व त्यांच्या चढणीत आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही. आपल्या बोरघाटात रेल्वेची चढण 37 फुटांना एक फूट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आहे, आणि तरीही तेथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. स्पेनमधील अभियंत्यांपुढेही हीच अडचण होती. म्हणून त्यांनी डोंगर आला तेथे बोगदा खणला, ओढा आला तेथे पूल बांधला आणि उरलेली वाट नदीच्या खोऱ्याला धरून नेली. त्यांनी केलेल्या त्या खर्चाचा लाभ आज आपल्या गुडघ्यांना मिळतो. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, परंतु नियमित सायकल चालवणाऱ्या ग्राहकांना आम्ही ही सहल निःशंकपणे सुचवतो, त्याचे कारण हेच आहे.

'वाहनमुक्त' या शब्दाविषयी मात्र गैरसमज नसावा. या मार्गावर मोटारी आणि दुचाकी यांना बंदी आहे, तरीही शेतांकडे जाणारे रस्ते अधूनमधून त्याला छेदतात आणि एखादा ट्रॅक्टर समोरून येऊ शकतो. शिवाय रेल्वे खोऱ्याच्या तळातून गेली असली, तरी तेथील जुनी गावे संरक्षणाच्या हेतूने टेकड्यांच्या माथ्यावर वसलेली आहेत. त्यामुळे स्थानकाचे नाव आणि गावाचे नाव एकच असले, तरी दोहोंमध्ये काही किलोमीटरचे अंतर आणि एक दमछाक करणारा चढ असू शकतो. दिवसाच्या अखेरीस असा चढ आल्यास सायकली आमच्या गाडीत चढवण्याची सोय केलेली आहे. तो चढ सायकलने चढण्याचा आग्रह आम्ही कोणालाही करत नाही.

मार्गाचा इतिहास

एब्रोच्या खोऱ्यातील अंतर्भाग समुद्राशी जोडावा, या कल्पनेतून या रेल्वेमार्गाची आखणी एकोणिसाव्या शतकात झाली. ला पुएब्ला दे इखार ते अल्कान्यिस हा पहिला टप्पा 1895 साली सुरू झाला आणि त्यानंतर काम दीर्घकाळ रखडले. स्पॅनिश यादवी युद्धात (1936 ते 1939) या मार्गाला लष्करी महत्त्व आले. बांधकामावर युद्धकैद्यांना राबवण्यात आले, आणि अखेर 1942 साली गाडी तोर्तोसाला पोहोचली. ज्या समुद्रबंदरासाठी हा सारा खटाटोप मांडला होता, तेथवर ती कधीच गेली नाही. पुढे एका बोगद्याची पडझड झाली, मार्ग तोट्यात होताच, आणि 1973 साली तो बंद करण्यात आला. जेमतेम तीन दशके चाललेल्या या गाडीसाठी एवढे बोगदे आणि पूल उभारले गेले, हे प्रत्यक्ष पाहताना नवल वाटल्याखेरीज राहत नाही.

सायकलचा प्रवास

सहलीचा आरंभ अल्कान्यिस येथून होतो. ग्वादालोपे नदीच्या वळणावरील टेकडीवर कालात्रावा या लढवय्या धर्मसंघाचा किल्ला आहे. किल्ल्याच्या एका भागात आता सरकारी हॉटेल आहे, तर दुसऱ्या भागात मध्ययुगीन भित्तिचित्रे पाहता येतात. पहिल्या दिवशी वाल्देआल्गोर्फा गावापर्यंत हलका, परंतु न संपणारा चढ आहे आणि संपूर्ण सहलीतील सायकलची खरी मेहनत एवढीच. या गावाजवळ दोन किलोमीटरहून लांब, सरळ रेषेत खणलेला बोगदा आहे. वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र समान असतात त्या सुमारास, उगवत्या सूर्याचे किरण त्यातून आरपार जातात. बोगद्यातून जायचे की बाहेरून वळसा घालायचा, हे त्या वेळच्या सूचनाफलकांनुसार आमचे मार्गदर्शक ठरवतात.

त्यापुढे मातार्रान्या नदीचा प्रदेश लागतो. ऑलिव्ह आणि बदामाच्या बागा, चुना-माती न वापरता रचलेली दगडी कुंपणे आणि पिवळसर दगडातील गावे असे येथील दृश्य आहे. वाल्देर्रोब्रेस हे गाव मार्गापासून दूर असूनही आम्ही तेथे मुक्काम ठेवला आहे, कारण नदीवरील जुना दगडी पूल, त्यापुढील वेशीचा दरवाजा आणि माथ्यावरील किल्ला हे सारे तेथे एकाच दृष्टिक्षेपात दिसते. आल्गार्स नदी ओलांडली की आरागॉन संपून कातालोनिया सुरू होतो. फलकांवरील भाषा बदलते, आणि पायाखालची वाटही बदलते. आरागॉनमधील भाग मुख्यतः दाबलेल्या माती-खडीचा आहे, तर कातालोनियातील भाग बहुतांशी गुळगुळीत आहे.

ओर्ता दे सांत जुआन या गावी पाब्लो पिकासो दोनदा राहिला होता. 1898 साली तो मित्राच्या घरी आला, तेव्हा सोळा वर्षांचा होता. 1909 च्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला आणि त्याने गावातील घरे आणि डोंगर यांची जी चित्रे काढली, ती घनवादाच्या, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मांडणाऱ्या चित्रशैलीच्या, आरंभीच्या महत्त्वाच्या चित्रांत गणली जातात. टेकडीवर एकमेकांना खेटून चढत गेलेली चौकोनी घरे समोरून पाहिल्यावर ती चित्रे समजण्यास बरीच मदत होते. मूळ चित्रे गावात नाहीत. तेथील संग्रहालयात त्यांच्या प्रतिकृती आहेत, हे आधीच सांगितलेले बरे.

बोत गावापासून पुढचा टप्पा आमच्या मते संपूर्ण मार्गातील सर्वांत देखणा आहे. येथे वाट कानालेतेस नदीच्या अरुंद घळईत शिरते आणि बोगदा, पूल, पुन्हा बोगदा असा क्रम बराच वेळ चालू राहतो. डोक्यावर चुनखडीचे कडे आणि त्यांवर घिरट्या घालणारी गिधाडे दिसतात. महाराष्ट्रात गिधाडे किती दुर्मीळ झाली आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुर्बीण अवश्य आणावी. घळईच्या तळाशी फोंतकाल्दा येथे जुने देवस्थान असून त्याच्या बाजूला कोमट पाण्याचा झरा आहे आणि नदीत नैसर्गिक डोह आहेत. मार्गावरून तेथे उतरण्याची वाट तीव्र असल्यामुळे ती पायी उतरणे इष्ट. डोहात उतरायचे असल्यास पोहण्याचे कपडे आणि ओल्या दगडांवर न घसरणारी चप्पल सोबत असावी.

याच परिसरात 25 जुलै ते 16 नोव्हेंबर 1938 या काळात एब्रोची लढाई झाली. यादवी युद्धातील ही सर्वांत दीर्घ आणि रक्तरंजित लढाई होती. कोर्बेरा या गावाचा उद्ध्वस्त झालेला जुना भाग पुन्हा न बांधता तसाच जतन केला आहे. तेथे आम्ही अर्धा दिवस गाडीने जातो. या युद्धात कुटुंबे दोन्ही बाजूंनी दुभंगली होती आणि त्याविषयी स्थानिकांच्या भावना आजही तीव्र आहेत. म्हणून त्यांनी आपण होऊन विषय काढल्याखेरीज प्रश्न विचारू नयेत, अशी आमची विनंती आहे. परतताना पिनेल दे ब्राय येथील शेतकरी सहकारी संस्थेचा द्राक्षमद्याचा कारखाना दाखवला जातो. बार्सिलोनाचा विख्यात वास्तुविशारद गाउदी याचा शिष्य सेसार मार्तिनेल याने तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस उभारला. आतील विटांच्या उंच कमानी पाहता तो कारखाना आहे यावर विश्वास बसत नाही. आपल्याकडील सहकारी साखर कारखान्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना तो विशेष रोचक वाटेल.

बेनिफायेतच्या स्थानकापाशी घळई संपते आणि एब्रो समोर येते. स्थानक नदीच्या एका तीरावर आणि गाव दुसऱ्या तीरावर आहे. येथून शेर्तापर्यंत रुंद पाणी आपल्या सोबत राहते. शेर्ताजवळ नदीवर तिरका घातलेला जुना बंधारा असून त्याच्यापासून निघणारे कालवे खालच्या शेतीला पाणी देतात. संत्र्यांच्या बागा येथूनच सुरू होतात आणि एप्रिलमध्ये त्यांच्या फुलांचा वास वाटेवरही येतो. जुन्या लोखंडी रेल्वेपुलावरून एब्रो ओलांडून आपण तोर्तोसात प्रवेश करतो. हे शहर 1148 पर्यंत मुस्लिम सत्तेखाली होते. त्या काळातील सुदा किल्ल्यात आता सरकारी हॉटेल आहे, आणि त्याच्या पायथ्याशी 1347 साली बांधकाम सुरू झालेले कॅथेड्रल आहे.

सायकल आणि बोगदे

आम्ही रुंद टायरची, गिअरची सायकल देतो. बॅटरीवर चालणारी सायकल हवी असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे, कारण त्या मोजक्याच मिळतात. रोजचे अंतर वीस ते चाळीस किलोमीटर असते आणि सामान गाडीतून पुढे जाते. स्वतःच्या सायकलचे खोगीर आणि पेडल आणण्यास हरकत नाही. काही बोगद्यांत दिवे आहेत, काहींत नाहीत, आणि जेथे आहेत तेथेही ते चालू असतीलच असे नाही. त्यामुळे पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा प्रत्येक सायकलला लावलेला असतो. बोगद्यात शिरण्यापूर्वी काळा चष्मा काढावा आणि वेग कमी करावा, कारण उन्हातून आत गेल्यावर पहिले काही क्षण काहीही दिसत नाही.

स्पेनमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. समोरून कोणी अचानक आले की आपला हात सवयीने डावीकडे वळतो, आणि या मार्गावरील किरकोळ टकरींचे हेच मुख्य कारण असते. पादचाऱ्यांना अग्रक्रम द्यावा. शहराबाहेरील रस्त्यांवर सायकलस्वाराला हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे, आणि आमच्या सहलीत ते पूर्ण वेळ घालावे लागते. मद्यपानाची कायदेशीर मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते, म्हणून कारखान्यातील चव घेण्याचा कार्यक्रम सायकल ठेवून दिल्यानंतरच असतो. आणीबाणीत 112 हा क्रमांक सर्वत्र चालतो.

हंगाम

सहली एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असतात. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान 35 अंशांच्या वर जाते. मार्गावर सावली कमी आहे आणि स्थानकांमध्ये पाण्याची खात्री नसते, म्हणून शाळांच्या सुट्ट्यांसाठी वारंवार विचारणा होऊनही आम्ही त्या काळात सहल नेत नाही. एब्रोच्या खोऱ्यात 'सिएर्सो' नावाचा कोरडा, जोरदार वायव्य वारा वाहतो. तोर्तोसाकडे जाताना तो बहुधा पाठीशी असतो, आणि आम्ही उलट दिशेने सहल न नेण्याचे तेही एक कारण आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पहाटे गारठा असतो, त्यामुळे वारा अडवणारे पातळ जाकीट असावे.

जेवण

तेथे दुपारचे जेवण दोननंतर आणि रात्रीचे नऊच्या सुमारास मिळते. मधल्या वेळेत लहान गावांतील दुकानेही बंद असतात. फळे, सुकामेवा आणि पाणी सकाळीच सोबत घ्यावे. घरून आणलेली चिक्की अशा वेळी फार उपयोगी पडते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, परंतु वाटेवरील झऱ्यावर प्रक्रिया न केल्याचा फलक असल्यास ते पिऊ नये.

शाकाहारी ग्राहकांसाठी मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी आधी सूचना दिलेली असते. तरीही वाटेत स्वतः काही मागवताना सावध असावे. 'मिश्र सॅलड' यात बहुधा ट्यूना मासा असतो, मसुराच्या किंवा चण्याच्या रश्शात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि 'मांस नको' असे सांगितल्यावरही हॅम चालेल असा समज काही ठिकाणी होतो. म्हणून मांस, मासे आणि हॅम या तिन्हींची नावे घेऊन नकार द्यावा. त्यासाठी स्पॅनिश आणि कातालान भाषांतील छापील चिठ्ठी आम्ही प्रत्येकाला देतो. टोमॅटो चोळून ऑलिव्ह तेल घातलेला पाव, बटाट्याचे जाड ऑम्लेट, भाजलेल्या वांग्या-मिरच्यांचा 'एस्कालिवादा' आणि स्थानिक चीज यांवर अंडे खाणाऱ्यांचे उत्तम भागते. जैन पद्धतीच्या जेवणाची हमी मात्र आम्ही देऊ शकत नाही.

प्रवास आणि कागदपत्रे

सहल बार्सिलोना येथे सुरू होते आणि तेथेच संपते. जाताना सारागोसापर्यंत वेगवान रेल्वे आणि पुढे आमची गाडी असते, तर तोर्तोसाहून परतताना प्रादेशिक रेल्वेने येतो. मुंबईहून आखाती शहरांमार्गे बार्सिलोनाला जाता येते. विमानाचे तिकीट आपण स्वतः काढावे, परंतु सहल निश्चित झाल्याचे आमचे पत्र मिळण्यापूर्वी काढू नये.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून निदान तीन महिने हाताशी ठेवावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो, आणि त्यात सायकल चालवताना झालेल्या दुखापतीचा समावेश आहे, हे विमापत्रात शोधून पाहावे, कारण काही विमापत्रांत तो वगळलेला असतो. नोंदणी अर्जासोबत विमापत्राची प्रत, रक्तगट आणि चालू असलेल्या औषधांची यादी जोडावी.