सर्व्हर फिंगरप्रिंटिंग
एखाद्या यंत्रावर कोणते सर्व्हर सॉफ्टवेअर चालू आहे, हे त्याने स्वतः सांगितलेल्या नावावर न विसंबता त्याच्या उत्तरांच्या धाटणीवरून ओळखण्याची पद्धत.

नाव विचारणे सोपे असते. एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणारा) सर्व्हर जोडणी होताच आपली आवृत्ती सांगतो. प्रोटोकॉलचीच, म्हणजे यंत्रांमधल्या संवादाच्या नियमांचीच, तशी अट आहे. वेब सर्व्हर नाव सांगतो ते ‘सर्व्हर’ या हेडरमध्ये, म्हणजे उत्तराच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळीत. पण अपाचे काय किंवा एनजिनएक्स काय, या वेब सर्व्हरांच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली की ही माहिती आखडती घेता येते. अनेक प्रशासक एवढ्यावर निर्धास्त होतात, आणि ते धोक्याचे आहे. वागणे मूळ कोडमध्येच असते, ते असे झाकता येत नाही.

एचटीटीपी या वेबच्या प्रोटोकॉलने हेडरचा क्रम बांधून दिलेला नाही. त्यामुळे अपाचे सहसा आधी तारीख आणि मग नाव पाठवतो, तर एनजिनएक्स आधी नाव. मुद्दाम चुकीची विनंती केली की फरक आणखी उघड होतो. प्रोटोकॉलच्या जागी ‘जंक/१.०’ असे काहीतरी लिहून पाठवले, तर जुना अपाचे १.३ बिनतक्रार २०० (ठीक) उत्तर देई आणि मायक्रोसॉफ्टचा आयआयएस ५.० मात्र ४०० (चुकीची विनंती) देऊन नाकारी. मेल सर्व्हरचा निरोपही वेगवेगळा: ‘क्विट’ या जोडणी संपवण्याच्या आज्ञेला पोस्टफिक्स हा सर्व्हर ‘बाय’ म्हणतो, सेंडमेल जोडणी बंद करत असल्याचे कळवतो.

१९९७ मध्ये आलेल्या एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २००३ साली आवृत्ती ओळखण्याची सोय झाली. तो ठरावीक प्रश्न पाठवतो आणि आलेली उत्तरे साठवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो.

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीला या पद्धतीचा खरा उपयोग स्वतःच्याच यंत्रांची नोंदवही करण्यासाठी आहे. मुख्य सर्व्हर सगळ्यांना ठाऊक असतो. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर, हजेरीचे यंत्र यांच्यातही छोटा वेब सर्व्हर असू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते, आणि अपडेट करायचे राहून जाते ते तिथेच. कंत्राटदाराकडून तपासणी करून घ्यायची तर लेखी परवानगी आधी द्यावी. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते.

निष्कर्ष मात्र जपून काढावा लागतो. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आधी स्वतः घेऊन मागे पाठवणारा सर्व्हर, असेल तर हेडर बहुधा त्याचेच असतात, मागचा सर्व्हर दिसतच नाही. डेबियनसारख्या लिनक्समध्ये सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत मिसळली जाते. आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी दोष दुरुस्त झालेला असू शकतो.