अंधेरीचा कडा आणि मंगळाचे छायाचित्र

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीतून एकदम वर आलेला गिल्बर्ट हिल अनेक मुंबईकरांनी पाहिलेला असतो. निदान माथ्यावरच्या गावदेवीच्या देवळामुळे त्याचे नाव तरी ऐकलेले असते. सुमारे २०० फूट उंचीचा हा सरळसोट काळा कडा म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थिजलेला अवशेष आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, आणि ही क्रिया सावकाश व एकसारखी झाली, तर ते तडे आत आत सरकत जाऊन खडकाचे बहुकोनी खांब तयार होतात. गिल्बर्ट हिलच्या अंगावर दिसणाऱ्या उभ्या रेघा या त्या खांबांच्या कडा आहेत.

असेच खांब मंगळावरही असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मार्स रिकॉनेसन्स ऑर्बिटर हे यान मंगळाभोवती सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरून फिरते, आणि त्यावरील हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रातला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे साधारण ३० सेंटिमीटर, अर्थात शाळेतल्या फूटपट्टीएवढे अंतर. मार्टे व्हॅलिस या भागातील एका विवराच्या कड्यावर या कॅमेऱ्याला ओळीने उभ्या रेघा दिसल्या. पृथ्वीवरचे असे कडे ज्याने कधी पाहिलेच नाहीत, त्याच्या लेखी त्या नुसत्या रेघाच राहिल्या असत्या. परग्रहावरून आलेले चित्र हा मुळात आकड्यांचा तक्ता असतो, आणि शेजारी काहीतरी ओळखीचे ठेवल्याशिवाय त्या तक्त्याचा अर्थ लागत नाही.

आकड्यांचा तक्ता हे शब्दशः खरे आहे. जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले, तेव्हा त्याने घेतलेले प्रत्येक चित्र २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके एवढेच होते. प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते ६३ यांपैकी एका आकड्याने सांगितलेली असे. असा एक आकडा पाठवायला सहा बिट लागतात, म्हणजे एका चित्राला २,४०,००० बिट. आणि एवढ्या अंतरावरून यान सेकंदाला जेमतेम ८.३३ बिट पाठवू शकत होते. गणित केले तर एका चित्राला आठ तास लागतात, आणि तसे ते लागलेही. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांना तेवढा धीर धरवला नाही. त्यांनी आलेल्या आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या आणि आकड्यानुसार त्या रंगीत खडूंनी हाताने रंगवल्या. अवकाशयानाने जवळून टिपलेले मंगळाचे पहिले चित्र अशा रीतीने, मुले चौकटी रंगवतात तसे, तयार झाले. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत आवडतो, कारण पुढच्या सगळ्या चकचकीत चित्रांमागे हेच काम चालते. फक्त खडूची जागा आता संगणकाने घेतली आहे.

मरिनर ४ ने ग्रहाचा जेमतेम एक टक्का भाग टिपला. त्या भागात विवरेच विवरे असल्यामुळे मंगळ हा चंद्रासारखाच निर्जीव गोळा आहे, असा समज पसरला. १९७१ मध्ये मरिनर ९ मंगळाभोवती फिरू लागले आणि प्रचंड ज्वालामुखी, दऱ्या, कोरड्या नद्यांची पात्रे दिसली, तेव्हा तो समज मागे पडला. किती बारीक पाहायचे आणि किती रुंद पाहायचे, हा प्रश्न तेव्हापासून कायम आहे. हायराइजची पट्टी सुमारे सहा किलोमीटर रुंदीची असते. याउलट सप्टेंबर २०१४ मध्ये पोहोचलेल्या आपल्या मंगळयानाची कक्षा इतकी लांबट होती, की ते ग्रहापासून ७० हजारांहून अधिक किलोमीटर दूर जाई आणि तेथून त्याच्या कॅमेऱ्यात मंगळाचे अख्खे बिंब मावे.

रंगाचा प्रश्न याहून अवघड आहे. व्हायकिंग १ हे यान २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरले. त्याचे पहिले रंगीत चित्र घाईने तयार केले गेले, तेव्हा त्यातील आकाश निळसर आले, कारण आकाश निळे असते ही पृथ्वीवरच्या डोळ्यांची सवय. यानावर रंगांचे ठरावीक चौकोन बसवलेले होते. ते चित्रात जसे दिसायला हवेत तसे दिसेपर्यंत आकडे दुरुस्त केल्यावर आकाशाचा निळा रंग गेला आणि फिकट गुलाबी-पिवळसर रंग आला. मंगळाच्या विरळ हवेत लोहयुक्त धूळ सतत तरंगत असते, तिचा हा रंग. गंमत अशी, की सूर्यास्ताच्या वेळी हा हिशेब उलटतो. दादर चौपाटीवर मावळता सूर्य तांबडा दिसतो, कारण हवेच्या जाड थरातून येताना प्रकाशातील निळा भाग वाटेतच इकडेतिकडे विखुरला जातो. मंगळावरील बारीक धूळ मात्र निळा प्रकाश पुढच्या दिशेने अधिक नेमका पाठवते, म्हणून तेथे मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रभा दिसते. स्पिरिट या रोव्हरने १९ मे २००५ रोजी गुसेव्ह विवरातून टिपलेल्या सूर्यास्तात ती पाहता येते.

मंगळावरच्याच क्युरिऑसिटी या रोव्हरवरही असे रंगांचे चौकोन आहेत. त्यांवर धूळ बसली तर मोजमापच चुकणार, म्हणून त्यांच्या खाली लोहचुंबक बसवले आहेत, म्हणजे चुंबकाकडे ओढली जाणारी धूळ एका जागी गोळा होते. या रोव्हरची काही चित्रे दोन प्रकारे प्रसिद्ध होतात: एक मंगळावरच्या उजेडात दिसेल तसे, आणि दुसरे तोच देखावा पृथ्वीवरच्या उजेडात असता तर कसा दिसला असता तसे. दुसरे चित्र खडक ओळखण्यासाठी भूशास्त्रज्ञांच्या सोयीचे असते, कारण त्यांची नजर पृथ्वीवरच्या उजेडात तयार झालेली असते. ही दोन चित्रे शेजारी ठेवून ‘खरा रंग लपवला’ अशी हाकाटी करणाऱ्यांनी आपल्या मोबाइलचा कॅमेरा ट्यूबलाइटखाली नेमके हेच करतो, एवढे लक्षात घ्यावे.

आकाराचेही तसेच. खडकाचा फोटो काढताना भूशास्त्रज्ञ शेजारी हातोडा किंवा नाणे ठेवतात. क्युरिऑसिटीने आपल्यासोबत १९०९ सालचे एक अमेरिकी नाणे नेले आहे, ते या प्रथेला अनुसरूनच. चंद्रावर तर हवा नसल्याने दूरचे आणि जवळचे सारखेच रेखीव दिसते आणि अंतराचा अंदाज साफ चुकतो. त्यावर उपाय म्हणजे दोन डोळे. प्रज्ञान रोव्हरच्या दोन दिशादर्शक कॅमेऱ्यांच्या जोडचित्रांवरून पुढच्या जमिनीचा उंचसखलपणा काढला जाई. २७ ऑगस्ट २०२३ रोजी त्याच्या पुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचे विवर आढळले आणि त्याला आल्या वाटेने मागे फिरवण्यात आले.

ओळखीची वस्तू कधी कधी तारासुद्धा असते. ८ मार्च १९७९ रोजी, गुरू ग्रह मागे टाकल्यावर, व्हॉयेजर १ ने त्याच्या आयो या उपग्रहाचे एक चित्र पाठवले. ते शास्त्रज्ञांसाठी घेतलेलेच नव्हते. यान नेमके कोठे आहे हे पार्श्वभूमीवरच्या ताऱ्यांवरून ठरवण्यासाठी ते होते. दुसऱ्या दिवशी लिंडा मोराबिटो या दिशानिर्देशन विभागातील अभियंता एका अंधुक ताऱ्याचा शोध घेत होत्या. त्यासाठी त्यांनी चित्रातले आकडे ताणून अंधारा भाग उजळवला, आणि आयोच्या कडेबाहेर छत्रीसारखा एक ढग दिसू लागला. तो पृष्ठभागापासून २५० किलोमीटरांहून उंच पोहोचला होता. गुरूच्या ओढाताणीमुळे आयोचा अंतर्भाग तापून वितळला असावा, असे भाकीत करणारा शोधनिबंध त्याच महिन्याच्या २ तारखेला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी प्रसिद्ध झाला होता. कॅमेऱ्याचा दोष, मागे लपलेला दुसरा उपग्रह, अशा शक्यता एकेक करून बाद झाल्यावर एकच उरली. पृथ्वीबाहेरचा तो पहिला ज्ञात जागृत ज्वालामुखी होता, आणि त्याला हवाई बेटांवरील ज्वालामुखीच्या देवतेचे, पेलेचे, नाव मिळाले.