जनुकीय अहवालातील अक्षरे आणि चिन्हे कशी वाचावीत

खिलार गाईंच्या ए-वन, ए-टू (दुधातील बीटा-केसिन प्रथिनाचे दोन प्रकार) तपासणीचा सविस्तर अहवाल हाती पडल्यावर त्यातील प्रश्नचिन्हांच्या रांगा पाहून ‘आमचा नमुना संशयास्पद निघाला काय?’ अशी विचारणा अथणी, चिकोडी, खानापूर भागांतील गोपालक आमच्याकडे वारंवार करतात. त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

प्रश्नचिन्ह ही खरे तर चांगली खूण आहे. यंत्र डीएनएच्या ए, सी, जी, टी या चार अक्षरांपैकी एकेक अक्षर वाचताना त्या वाचनाच्या खात्रीला गुण देते आणि जागा कमी लागावी म्हणून दोन आकडी गुणही एकाच चिन्हाने लिहिते. गुण दहाने वाढला की चुकीची शक्यता दहापट घटते. अधिकचे चिन्ह (+) म्हणजे १० गुण, दहांत एक चूक. इंग्रजी आकडा पाच दिसला तर गुण २०, शंभरांत एक चूक. प्रश्नचिन्ह म्हणजे ३०, हजारांत एक. हॅशचे (#) गुण मात्र अवघे २ असल्याने ते अक्षर बरोबर असण्यापेक्षा चुकीचे असण्याचाच संभव जास्त. (चिन्हाच्या संगणकीय क्रमांकातून ३३ वजा केले की गुण मिळतो. २०११ पूर्वीच्या इल्युमिना कंपनीच्या यंत्रांच्या फायलींत ६४ वजा करावे लागत. जुन्या फायली आणणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे आधी पाहावे.)

पुस्तकांत ए-टूसाठी सी आणि ए-वनसाठी ए असे वाचलेल्यांना अहवालात जी आणि टी दिसतात, कारण डीएनएच्या दोन धाग्यांत सीसमोर जी आणि एसमोर टी असतो, हे जनुक उलट धाग्यावर आहे आणि फाइल सरळ धाग्याची अक्षरे दाखवते. समजा, ए-वन की ए-टू हे ठरवणारी जनुकातील ती जागा २४ वेळा वाचली गेली आणि १३ वेळा जी, १० वेळा टी, बहुतेक सर्व प्रश्नचिन्हासह, तर एकदा अधिकचिन्हाखाली सी आले. अशा गाईत दोन्ही प्रकारांची एकेक प्रत आहे, आणि तो एकटा सी सोडून द्यावा. त्याउलट २३ जी आणि हॅशखालचे २ टी असतील, तर गाय ए-टूचीच समजावी.

टिंबाबाबत मात्र सावध राहावे: रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) एकाखाली एक मांडलेल्या फाइलमध्ये टिंब म्हणजे संदर्भाशी, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या प्रमाण डीएनए-क्रमाशी, जुळलेले अक्षर, तर बदलांच्या यादीत तेच टिंब म्हणजे माहिती नाही.

जागा दहापेक्षा कमी वेळा वाचली गेल्यास आम्ही निष्कर्ष न देता नमुना पुन्हा मागवतो. तेव्हा शेपटीचे केस न कापता मुळासकट उपटून कोरड्या कागदी पाकिटात द्यावेत.