रामिप्रिल

रामिप्रिल हे उच्च रक्तदाब आणि हृदयविकारावर पोटातून घेण्याचे औषध आहे. घरोघरी त्याला नुसती ‘बीपीची गोळी’ म्हणतात. भारतात ‘कार्डेस’ हे त्याचे ओळखीचे नाव.

आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन-२ हे रसायन रक्तवाहिन्या आवळते आणि मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. ते तयार करणाऱ्या एसीई या विकराला (एन्झाइमला) रामिप्रिल अडवते. याच विकराकडे ब्रॅडिकायनिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे रसायन मोडण्याचेही काम असते, आणि पुढची बरीच कथा त्याचीच आहे. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक असल्याचे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले. त्या धाग्यावरून आधी कॅप्टोप्रिल घडले. रामिप्रिल नंतरचे, जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचे. बहुतेकांना दिवसातून एकदा पुरते.

त्याचा दबदबा वाढला तो ‘होप’ चाचणीमुळे. मूळचे केरळचे सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या या चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले. पंचावन्न वर्षांवरच्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या ९,२९७ जणांपैकी निम्म्यांना रामिप्रिल (१० मिलिग्रॅमपर्यंत) दिले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांतले काहीतरी ओढवलेले लोक रामिप्रिल न घेणाऱ्यांत १७.८ टक्के, तर घेणाऱ्यांत १४ टक्के निघाले. रक्तदाब मात्र सरासरी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरलेला! म्हणून दाबापलीकडेही हे औषध हृदय राखते, असा डंका पिटला गेला. तो थोडा घाईचा होता. गोळी रात्री घेतलेली, दाब मोजलेला दुसऱ्या दिवशी; मोजक्या रुग्णांवर चोवीस तास यंत्र लावले तेव्हा रात्रीची घट बरीच मोठी निघाली.

कोरडा, घसा खवखवणारा खोकला ही ठरलेली तक्रार. न मोडलेले ब्रॅडिकायनिन हे त्याचे मुख्य कारण मानतात, त्यामुळे खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या करून तो जात नाही. डॉक्टर सहसा गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखे औषध देतात. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठावा. गरोदरपणी हे औषध वर्ज्य. सुरुवातीला आणि मात्रा वाढवल्यावर रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळवणारा घटक) व पोटॅशियम तपासतात, कारण या औषधाने पोटॅशियम वाढू शकते. इथे एक घरगुती फसगत होते: ‘बीपीसाठी चांगले’ म्हणून आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात बरेचदा पोटॅशियमच भरलेले असते.