इनडोअर सायकलिंग वर्ग

एका जागी पक्क्या बसवलेल्या सायकलींवर, प्रशिक्षकाच्या सूचनांनुसार आणि बहुधा गाण्यांच्या ठेक्यावर गटाने करायचा व्यायाम. जिममध्ये याला सर्रास ‘स्पिनिंग’ म्हणतात. ते मुळात नोंदणीकृत व्यापारी नाव आहे. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा सायकलपटू जॉनी गोल्डबर्ग याने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्नियात हा प्रकार आकाराला आणला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर श्विन कंपनीने त्यासाठी खास सायकल काढली आणि तो जगभर पसरला.

या सायकलीचा जीव तिच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये असतो. बहुतेक जुन्या धाटणीच्या सायकलींत ते पायडलला थेट जोडलेले असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि पायांनाही फिरवते. नागपुरात रस्त्यावर लांब पल्ला मारणारे पुष्कळ. २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण करणारे डॉ. अमित समर्थ इथलेच. पण पहाटे अंबाझरी-फुटाळ्याला चक्कर मारणाऱ्यालाही हे चाक नवे असते. उतारावर पाय सैल सोडायची सवय इथे गुडघ्याला हिसका देते. म्हणून नवख्याला सगळ्यात आधी शिकवायचे ते थांबणे: रेझिस्टन्सचा, म्हणजे पायडल जड-हलके करायचा नॉब खाली दाबायचा, चाक थांबेपर्यंत पाय पट्ट्यातून काढायचा नाही. बुटाची नाडी आत खोचलेली हवी, आणि ओढणी बाहेर खुंटीवर.

दुसरी गोष्ट सीट. ‘भाऊ, सीट थोडी खाली करून द्या ना,’ ही पहिल्या दिवशीची हमखास विनंती. झाशी राणी चौकात सिग्नलला पाय टेकावा लागतो, त्याची ती सवय; इथे सायकल कुठे जात नाही, पाय टेकायची गरजच नाही. सायकलीशेजारी उभे राहून सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला आणावी. बसल्यावर पाय सर्वांत खाली असताना गुडघ्याला साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहिला पाहिजे. दोन्ही पायडल एका पातळीत आले की पुढच्या गुडघ्याची वाटी पायडलच्या कण्यावर येते का ते पाहावे. सीट फार खाली असली तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असली तर प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवीकडे डुलते, हे मागून लगेच दिसते. नवख्याचे हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडे वर ठेवतात. हे करायला माणशी ३-४ मिनिटे लागतात, आणि नेमकी हीच मिनिटे बॅच उशिरा सुरू झाली की कापली जातात.

वर्ग साधारण ४५ मिनिटांचा. सुरुवातीची ८-१० मिनिटे हलके, शेवटची ५ मिनिटे वेग उतरवत. मधल्या भागात सपाट रस्ता मिनिटाला ८० ते ११० फेऱ्यांचा, चढ ६० ते ८० फेऱ्यांचा धरतात. गाणे याच हिशेबाने निवडायचे: मिनिटाला १६० ठेके आणि दर दोन ठेक्यांना एक फेरी धरली, की ८० फेऱ्या होतात. उभे राहून चालवताना नॉबवर पुरेसा भार हवा, नाहीतर पाय चाकामागे फरफटतात. चालत्या सायकलीवर डंबेल्स उचलणे किंवा हँडलवर जोर काढणे हा निव्वळ देखावा आहे. हृदयाचे कमाल ठोके काढायच्या ‘२२० वजा वय’ या ठोकताळ्यापेक्षा बोलून पाहणे बरे: सोप्या टप्प्यात पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, अवघड टप्प्यात दोन-चार शब्द. त्यासाठी प्रशिक्षकाला सायकलवरून उतरून माणसांत फिरावे लागते. हृदयविकार, रक्तदाब किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी.

पहिलाच वर्ग सर्वांत धोक्याचा, आणि तो धोका अशक्त माणसाइतकाच धडधाकट तरुणालाही असतो. दम टिकतो, म्हणून तो थांबत नाही. मांड्यांना मात्र या कामाची सवय नसते. स्नायूंचे तंतू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर भार येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. पहिल्या स्पिनिंग वर्गानंतर असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एक-दोन दिवसांनी मांड्या सुजून असह्य दुखू लागल्या, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर शेक-मालीश करत घरी न बसता दवाखाना गाठावा. रक्तातल्या ‘सीपीके’ या स्नायूंतल्या द्रव्याच्या तपासणीतून निदान होते. नवख्याला पहिल्या दिवशी २०-२५ मिनिटांनंतर उतरायची मोकळीक वर्ग सुरू होण्यापूर्वीच, सर्वांसमोर सांगून द्यावी. मग उतरताना लाज वाटत नाही.

नागपुरात हवेचा प्रश्न वेगळाच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्शाच्या ताट्यांचा कूलर चांगले काम देतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओली हवा आतच कोंडते. जुलैत तोच कूलर घात करतो. हवेत आधीच दमटपणा, त्यात वीस जणांचा घाम. तो वाळत नाही आणि अंग निवत नाही. तेव्हा कूलरचा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा व एक्झॉस्ट चालवावा, किंवा एसी. पाणी दर १०-१५ मिनिटांनी घोट-घोट. उन्हाळ्यात वर्गानंतर मीठ घातलेले ताक किंवा पन्हे. आदल्या रात्री सावजीवर ताव मारून सकाळी सहाच्या बॅचला आलेला माणूस प्रशिक्षक चेहऱ्यावरूनच ओळखतो, आणि त्याला मागच्या रांगेत, दाराजवळची सायकल देतो.