दोन शरीरांतला एक फेरा

धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे जळगावकडे येताना महामार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'मर्दानी कमजोरी', 'खात्रीशीर इलाज' अशी अक्षरे रंगवलेली दिसतात. या जाहिराती फक्त पुरुषाला हाक मारतात आणि त्याच्या पत्नीचा त्यात कुठेही उल्लेख नसतो. याच्या उलट, लग्नाला दोन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की सासू सुनेला घेऊन दवाखान्याची पायरी चढते आणि मुलाला मात्र शेतावर किंवा ड्यूटीवर पाठवले जाते. या दोन्ही रीतींच्या मुळाशी एकच समजूत आहे: लैंगिक अडचण ही कोणा एकाच्या शरीरात असते आणि ते शरीर शोधून दुरुस्त केले, की प्रश्न सुटतो. ही समजूत चुकीची आहे, आणि ती नेमकी का चुकीची आहे हे शरीरक्रियाशास्त्राच्या आधारे फार सुंदर रीतीने समजावून सांगता येते, म्हणून हा लेख.

अमेरिकेतील सेंट लुईस येथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोन संशोधकांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मानवी लैंगिक प्रतिसादाचे प्रयोगशाळेत मोजमाप केले आणि १९७० साली आपली उपचारपद्धती जगासमोर मांडली. त्या पद्धतीचा पाया असा होता, की लैंगिक अडचण असलेल्या विवाहात अलिप्त जोडीदार असा कोणी नसतोच, म्हणून उपचार एका व्यक्तीवर न करता जोडप्यावर करावा. त्या काळी हे निरीक्षण मुख्यतः उपचारांच्या अनुभवातून आलेले होते. त्यामागची यंत्रणा पुढच्या काही दशकांत उलगडत गेली.

आता त्या यंत्रणेकडे वळू. शिश्नाच्या आत स्पंजासारख्या ऊतींचे दोन दंडगोल असतात. त्यांतील रक्तवाहिन्यांच्या आणि पोकळ्यांच्या भिंतींत अनैच्छिक स्नायू असतात, आणि एरवी हे स्नायू आकुंचित अवस्थेत असतात. म्हणजे शिथिलता ही विश्रांतीची स्थिती नसून अनुकंपी चेतासंस्थेने, म्हणजे धोक्याच्या व ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याने, नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाच्या साहाय्याने सतत राखलेली स्थिती आहे. लैंगिक उत्तेजना मिळाली, की कण्याच्या खालच्या टोकाकडून येणाऱ्या परानुकंपी, म्हणजे शरीराला निवांत करणाऱ्या, चेतातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. तो स्नायूपेशीत शिरून सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू तयार करवतो, त्यामुळे पेशीतील मुक्त कॅल्शियम घटते आणि स्नायू सैल पडतो. पोकळ्या रक्ताने भरतात, फुगतात आणि बाहेरच्या चिवट आवरणाखालून जाणाऱ्या शिरा दाबून टाकतात. त्यामुळे आत आलेले रक्त बाहेर जाऊ शकत नाही आणि ताठरता येते. पीडीई-५ हे विकर (एन्झाइम) सायक्लिक जीएमपीचे विघटन करते आणि अवस्था पूर्ववत होते. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल हे औषध याच विकराला रोखते, आणि नायट्रिक ऑक्साइडच्या या संदेशवहनाचा शोध लावणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले.

या साखळीत एक अट दडलेली आहे. सिल्डेनाफिल सायक्लिक जीएमपी टिकवू शकते, पण निर्माण करू शकत नाही; त्यासाठी आधी उत्तेजना यावीच लागते. आणि माणूस घाबरलेला, चिडलेला किंवा परीक्षेला बसल्यासारखा ताणलेला असेल, तर अनुकंपी चेतासंस्था नॉरॲड्रेनॅलिनचा मारा करून तेच स्नायू पुन्हा आवळून धरते. विहिरीवरची मोटार चालू आहे, ठिबकच्या नळ्या शाबूत आहेत, पण शेताच्या तोंडाशी व्हॉल्व्ह कोणीतरी आवळून बसला आहे, तर केळीच्या मुळाशी पाणी पोहोचत नाही, तसेच हे आहे. याच पुरुषाला झोपेच्या रेम, म्हणजे स्वप्नांच्या, अवस्थेत आणि पहाटे जाग येताना मात्र उत्तम ताठरता येत असते, कारण त्या वेळी अनुकंपी चेतासंस्थेचा आवळ सुटलेला असतो. रक्तवाहिन्या आणि चेतातंतू कार्यक्षम असल्याची ती महत्त्वाची खूण होय.

तथापि, केवळ भीती हे उत्तर अपुरे आहे, आणि येथेच या विषयातील माझ्या मते सर्वांत देखणे प्रयोग येतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात पुरुषांना कामोत्तेजक दृश्ये दाखवून त्यांची ताठरता यंत्राने मोजली. 'तुम्ही पुरेसे उत्तेजित झाला नाहीत, तर विजेचा सौम्य झटका बसू शकतो,' अशी धमकी दिल्यावर कोणतीही अडचण नसलेल्या पुरुषांची ताठरता वाढली, तर अडचण असलेल्यांची कमी झाली. उलट, लक्ष दुसरीकडे वळवणारे काम सोबत दिले, तेव्हा निरोगी पुरुषांची ताठरता घटली, पण अडचण असलेल्यांची घटली नाही. शिवाय अडचण असलेले पुरुष स्वतःची ताठरता प्रत्यक्षापेक्षा कमीच सांगत. बार्लो यांनी १९८६ साली यावरून काढलेला निष्कर्ष असा, की फरक भीतीच्या प्रमाणात नसून लक्ष कशावर खिळते यात आहे. एकाचे लक्ष स्पर्शावर आणि जोडीदारावर असते. दुसऱ्याचे लक्ष 'आज जमेल ना', 'ती काय म्हणेल' या विचारांवर असते, म्हणजे तो आधीच विचलित असतो, आणि म्हणूनच बाहेरून आलेल्या विचलनाने त्याचे आणखी नुकसान होत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी या अवस्थेला स्वतःच्याच समागमाचा प्रेक्षक होणे असे म्हटले होते.

'ती काय म्हणेल' या विचारापाशी दुसरे शरीर प्रवेश करते. पतीने तोंड फिरवले, तो जवळ येईनासा झाला, की पत्नी बहुधा दोनपैकी एक अर्थ लावते: आपण त्याला आवडेनासे झालो, किंवा त्याचे मन दुसरीकडे आहे. तिचा हा संशय, अपमान आणि ताण तिच्याही स्वायत्त (इच्छेविना आपोआप चालणाऱ्या) चेतासंस्थेत उतरतो. उत्तेजनेच्या वेळी स्त्रीच्या योनिमार्गाच्या भिंतीतील रक्तप्रवाह वाढतो आणि त्या भिंतीतून रक्तद्रवासारखा ओलावा पाझरतो. मन सावध असेल तर हे अपुरे राहते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तर थेट संरक्षणाच्या कामाला लागतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी स्त्रियांना भीतिदायक चित्रफिती दाखवून या स्नायूंची विद्युत्-क्रिया मोजली, तेव्हा त्या दृश्यांचा लैंगिकतेशी काही संबंध नसतानाही, खांद्याच्या स्नायूंबरोबर हे स्नायूही आवळले गेल्याचे दिसले, आणि समागमाच्या वेळी योनिमार्ग आवळला जाण्याची तक्रार नसलेल्या स्त्रियांतही तसेच घडले. कोरडेपणा आणि आवळलेले स्नायू म्हणजे वेदना. पत्नीच्या चेहऱ्यावरची ती वेदना पती पाहतो, त्याचे लक्ष पुन्हा स्वतःच्या अपयशाकडे जाते, नॉरॲड्रेनॅलिन वाढते, ताठरता जाते, आणि पुढच्या वेळी दोघेही आधीच धास्तावलेले असतात. हा फेरा कोणत्याही टोकापासून सुरू होऊ शकतो: तिच्या वेदनेपासून, त्याच्या शीघ्रपतनापासून, किंवा दोघांपैकी एकाच्या थकव्यापासून. काही महिन्यांनी सुरुवात कोठून झाली हे दोघांनाही सांगता येत नाही.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ विल्यम फिशर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पतीला ताठरतेची अडचण सुरू झाल्यानंतर स्त्रियांची स्वतःची इच्छा, उत्तेजना, कामतृप्ती आणि समाधान कमी झाल्याचे आढळले. ज्यांचे जोडीदार पीडीई-५ रोखणारे औषध घेत होते, त्या स्त्रियांची स्थिती तुलनेने बरी होती. कॅनडातीलच सोफी बर्जेरॉन आणि नॅटली रोझेन यांनी समागमाच्या वेळी वेदना होणाऱ्या स्त्रियांच्या जोडीदारांचा अभ्यास केला. वेदना दिसताच रागावणाऱ्या पतीमुळे त्रास वाढणे अपेक्षितच होते. पण 'नको, राहू दे, मी तुला हातच लावत नाही,' असे म्हणून प्रत्येक जवळीक थांबवणाऱ्या अतिकाळजीवाहू पतीच्या वागण्याचाही अधिक वेदनेशी संबंध दिसला. वेदना न होणाऱ्या इतर स्पर्शांना जो प्रोत्साहन देतो आणि जवळीक चालू ठेवतो, त्याच्या जोडीदाराची वेदना कमी आणि समाधान जास्त आढळले. प्रेमळ माघारदेखील शरीराला धोक्याचा संदेश देऊ शकते, हे मला या सर्व संशोधनातील सर्वांत उपयुक्त निरीक्षण वाटते.

खान्देशात याला परिस्थितीचीही जोड मिळते. लग्ने भर उन्हाळ्यात, पारा ४४-४५ अंशांवर असताना होतात. हळदीपासून जागरणाने थकलेला, धड ओळखही नसलेल्या मुलीबरोबर पाहुण्यांनी भरलेल्या घरात पहिली रात्र काढणारा तरुण अयशस्वी झाला, तर त्यात नवल काहीच नाही. पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी 'करणी केली', 'बांधून टाकले' असे कुजबुजते, आणि भगताकडे लिंबू-नारळ नेले जातात. अनुकंपी चेतासंस्थेला करणीची गरज नसते. घरातल्या सर्वांचे आपल्या खोलीकडे लक्ष आहे, एवढी जाणीव तिला पुरते. एकत्र कुटुंबात, उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत असताना, बंद दाराची सोय नसलेल्या किंवा भुसावळला रेल्वेच्या पाळ्यांमुळे रात्री वेगळ्या काढणाऱ्या जोडप्यांनाही हाच ताण सोसावा लागतो.

वीर्याचा एक थेंब रक्ताच्या शंभर थेंबांपासून बनतो, ही समजूतही अशीच निराधार आहे, परंतु तिने भिणारे तरुण खरोखर आजारी पडतात. मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. याच भीतीवर रस्त्याकडेचे तंबू आणि चूर्णे चालतात. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, तरी ती सर्रास होते. अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना अशा 'वनौषधी' चूर्णांत सिल्डेनाफिल गुपचूप मिसळलेले वारंवार आढळले आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने असे चूर्ण घेतले, तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. वेळेविषयीच्या बढाया तर पूर्ण दुर्लक्ष करण्याजोग्या आहेत: पाच देशांतील सुमारे ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत समागमाचा मध्यक कालावधी ५.४ मिनिटे निघाला.

याचा अर्थ सारे काही मनाचे खेळ आहेत, असा मुळीच नाही. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा विकार तेथे आधी जाणवू शकतो, आणि काही वेळा हृदयविकाराच्या कित्येक महिने किंवा वर्षे आधी ताठरतेची तक्रार सुरू होते. चाळिशीनंतर ही तक्रार नव्याने उद्भवली, पहाटेची ताठरताही गेली, तर रक्तशर्करा, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासलेच पाहिजे. नैराश्यावरची काही औषधे कामेच्छा आणि कामतृप्ती कमी करतात, हेही डॉक्टरांना विचारावे. पण शारीरिक कारण सापडले म्हणून फेरा थांबत नाही. पन्नाशीच्या पतीने मधुमेहामुळे गमावलेली ताठरता गोळीने परत मिळवली, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक घटल्यामुळे योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे झालेल्या त्याच्या पत्नीला कोणी काही विचारलेच नाही, तर तिच्या वाट्याला वेदना येते, ती टाळू लागते, आणि गोळी 'लागू पडत नाही' अशी तक्रार घेऊन तो पुन्हा डॉक्टरांकडे जातो. वंगण जेल किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने स्थानिक इस्ट्रोजेन एवढ्या साध्या उपायाने जो प्रश्न सुटला असता, तो केवळ ती त्या खोलीत नव्हती म्हणून अडून राहतो.

मास्टर्स आणि जॉन्सन यांचा मूळ उपाय आजही वापरात आहे, आणि वरची यंत्रणा समजली की तो का चालतो हे कळते. सुरुवातीला समागम पूर्णपणे बंद ठेवायचा. दोघांनी आळीपाळीने एकमेकांच्या हाताला, पाठीला, केसांना स्पर्श करायचा. गुप्तांगे व स्तन वगळायचे. आणि लक्ष फक्त स्पर्शाच्या ऊबेवर, पोतावर, दाबावर ठेवायचे. परीक्षाच रद्द झाल्याने उत्तीर्ण होण्याची चिंता उरत नाही, अनुकंपी चेतासंस्थेचा आवळ सुटतो आणि लक्ष आपोआप बार्लोंच्या निरोगी पुरुषांसारखे स्पर्शाकडे परतते. पुढे हळूहळू मर्यादा उठवल्या जातात. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडले, की दीर्घ नात्यातील अनेक स्त्रियांत इच्छा आधी नसते, ती जवळीक सुखद ठरल्यावर उत्तर म्हणून जागी होते. अशा स्त्रियांना ही संथ सुरुवात विशेष मानवते.

मात्र जेथे मारहाण किंवा बळजबरी आहे, तेथे हा उपाय लागू करू नये. तेथे प्रश्न सुरक्षिततेचा असतो, आणि पत्नी ही पतीच्या उपचाराचे साधन नव्हे. म्हणूनच जाणते तज्ज्ञ जोडप्याला एकत्र भेटल्यानंतर दोघांशी स्वतंत्रपणेही बोलतात. पहाटेच्या ताठरतेविषयी, बालपणी झालेल्या अत्याचाराविषयी किंवा जवळीक नकोशी वाटण्याविषयी माणूस जोडीदारासमोर बोलेलच असे नाही. एकांतात सांगितलेल्या गोष्टींपैकी काय जोडीदारापर्यंत पोहोचवायचे, हे सांगणाऱ्या व्यक्तीनेच ठरवायचे असते, आणि उपचारांचा पुढचा टप्पा त्यानंतर आखला जातो.