दोन अ‍ॅटलास: एक घरचा, एक परका

नोव्हेंबर २०२५ च्या मध्यावर ‘अ‍ॅटलास धूमकेतूचे तुकडे झाले’ अशी बातमी सगळीकडे फिरली. सोबत फुटलेल्या केंद्राचा, म्हणजे धूमकेतूच्या बर्फाळ गाभ्याचा, फोटोही होता. दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पाहुणा संपला, असं मानून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. त्याला परग्रहवासीयांचं यान समजणाऱ्यांना तर नवंच खाद्य मिळालं. प्रत्यक्षात फुटला तो सी/२०२५ के१ (अ‍ॅटलास), आपल्याच सूर्यमालेतला. पाहुणा, म्हणजे ३आय/अ‍ॅटलास, धडधाकट होता.

असा घोळ होणं साहजिकच होतं. अ‍ॅटलास हे कुणा माणसाचं नाव नाही. पृथ्वीवर आदळू शकणारे लघुग्रह वेळीच हेरण्यासाठी हवाई, चिली आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी बसवल्या आहेत, त्या यंत्रणेचं हे नाव. तिला सापडणाऱ्या धूमकेतूंना तेच चिकटतं आणि असे धूमकेतू डझनांनी आहेत. त्यात हे दोघं त्या महिन्यात पहाटे पूर्वेलाच दिसत होते. दोघंही साधारण नवव्या-दहाव्या प्रतीचे, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेर, पण हौशी दुर्बिणीत सापडणारे. फोटोत दोघांना शेपटी, दोघांभोवती धुळीचं धूसर वलय. चित्र पाहून कोण कुठला हे सांगणं अवघडच.

ओळख पटते ती नावातल्या चिन्हांवरून. ‘सी’ म्हणजे ठरावीक काळाने परत येणारा म्हणून ज्याची नोंद नाही असा धूमकेतू. ‘के’ म्हणजे मे महिन्याचा दुसरा पंधरवडा आणि ‘१’ म्हणजे त्या पंधरवड्यातला पहिला शोध. पाहुणा १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या दुर्बिणीला दिसला, म्हणून त्यालाही आधी सी/२०२५ एन१ हे साधंच नाव मिळालं. कक्षा काढल्यावर ‘३आय’ लागलं, म्हणजे ताऱ्यांमधल्या अवकाशातून आलेला तिसरा ज्ञात पदार्थ. पहिला २०१७ चा ओउमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसोव्ह.

कक्षा इतक्या लवकर ठरते कशी? स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर धूमकेतूची जागा मोजायची, तीच मोजणी पुढच्या रात्री करायची, शिवाय आधी काढून ठेवलेल्या फोटोंत तो नकळत टिपला गेलाय का ते धुंडाळायचं. ३आय जूनच्या मध्यापासूनच्या फोटोंत सापडला आणि शोधानंतर दिवसभरातच तो परका असल्याची खात्री झाली. त्याच्या कक्षेची विमध्यता, म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती ताणलेली आहे याचं माप, ६.१ च्या आसपास आहे. विमध्यता १ पेक्षा कमी म्हणजे बंद लंबवर्तुळ, बरोबर १ म्हणजे अन्वस्त, १ च्या वर म्हणजे अपास्त, म्हणजेच परत न येणारी वाट. के१ ची विमध्यता १ च्या अगदी लगत आहे. ऊर्ट मेघातून, म्हणजे सूर्यमालेच्या पार कडेला असलेल्या बर्फाळ गोळ्यांच्या घोळक्यातून, पहिल्यांदाच आत येणाऱ्या धूमकेतूंचं असंच असतं.

इथे एक सापळा आहे. ‘१ च्या वर म्हणजे परका’ हा नियम पुरेसा नाही. १९८० साली सापडलेल्या बोवेल धूमकेतूची विमध्यता १.०५७ झाली होती. पण तो आला होता लंबवर्तुळावरूनच. डिसेंबर १९८० मध्ये गुरूच्या जवळून जाताना बसलेल्या हिसक्याने त्याला सूर्यमालेबाहेरची वाट धरावी लागली. त्यामुळे आजच्या आकड्यावर न थांबता ग्रहांची ओढ वजा करत कक्षा मागे न्यावी लागते आणि आत शिरताना ती कशी होती ते पाहावं लागतं.

वेगाचीही तीच गत. ३आय प्रचंड वेगाने आला म्हणून परका, असं सरसकट लिहिलं गेलं. आता आकडे बघा. २९ ऑक्टोबरला सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे २० कोटी किमीवर असताना ३आयचा वेग सेकंदाला साधारण ६८ किमी होता. के१ त्याआधी तीन आठवडे, ८ ऑक्टोबरला, सूर्यापासून जेमतेम ५ कोटी किमीवरून, बुधाच्या सरासरी अंतराच्याही आतून गेला. तेव्हा त्याचा वेग होता सुमारे ७३ किमी. घरचा परक्याहून जोरात! कारण के१ चा सगळा वेग सूर्यानेच दिलेला. तो ऊर्ट मेघातून जवळजवळ शून्य वेगाने पडायला लागला होता आणि दूर गेला की तो वेग सूर्यालाच परत करणार. ३आय मात्र सूर्याची ओढ लागण्याआधीच सेकंदाला ५८ किमी वेगाने येत होता. ती शिल्लक सूर्याच्या खात्यातली नाही. परकेपणाचा पुरावा तोच.

तेजस्विता मात्र मूळ गावाबद्दल काहीच सांगत नाही, आणि तिचं भाकीत कक्षेसारखं नेमकं होतही नाही. वाटेवर राज्य गुरुत्वाकर्षणाचं असतं. तेज ठरतं ते बर्फ किती, कुठला, धुळीच्या थराखाली किती खोल आणि ऊन कुठल्या बाजूला लागतंय यावर. साधा खडक सूर्याजवळ येताना अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजळतो. धूमकेतूसाठी वर्गाऐवजी ढोबळमानाने चौथा घात धरतात. ३आय उपसूर्य बिंदूकडे, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळच्या जागेकडे, जाताना पृथ्वीवरून सूर्याआड गेला होता, तेव्हा सोहो आणि स्टिरिओ या सौरयानांच्या कॅमेऱ्यांतून त्याचं तेज मोजलं गेलं. तो घात साडेसातच्या आसपास निघाला. परका म्हणून की काय, असं लगेच विचारलं गेलं. पण घरच्या धूमकेतूंनीही असे अंदाज किती वेळा खोटे पाडलेत! मला तरी त्यात गूढ काही दिसत नाही.

के१ उजळला तो वेगळ्या कारणाने. केंद्र फुटलं की आतला ताजा बर्फ उन्हात येतो आणि तेज अचानक वाढतं. वाढलेलं तेज कधीकधी मोडण्याची खूण असते, हे लक्षात ठेवलेलं बरं. तो सूर्याजवळून सहीसलामत सुटला आणि महिन्याभराने तुटला. परका असणं किंवा नसणं इथे आड येत नाही, कारण २०२० मध्ये बोरिसोव्हचाही तुकडा निघाला होता.

वाट आणि तेज यांची गाठ एका ठिकाणी पडते. वायूचे झोत सुटले की केंद्राला उलटा धक्का बसतो आणि कक्षा किंचित ढळते. ३आयच्या बाबतीत हा धक्का मोजता आला, तोही तगड्या मोजणीमुळे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो मंगळापासून सुमारे ३ कोटी किमीवरून गेला, तेव्हा मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपीय यानाने त्याची जागा टिपली. दोन ग्रहांवरून एकच वस्तू पाहिल्यावर तिच्या वाटेचा अंदाज दहापट सुधारला. नोव्हेंबरमध्ये माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतूनही त्याची प्रतिमा आणि वर्णपट घेतले गेले. त्यात सायनोजेन आणि कार्बनच्या रेणूंचे पट्टे होते, आपल्याकडच्या धूमकेतूंत असतात तसेच. के१ च्या वर्णपटात मात्र कार्बनी रेणू विलक्षण कमी निघाले. म्हणजे रसायनात चाकोरीबाहेरचा ठरला तो घरचाच.